टेंभली ते करंजाडे : बारा आकड्यांचा प्रवास

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या कपाटात भाडेकरूंच्या फायली आहेत. भाडेकरार, पोलीस पडताळणीची पोच आणि प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स. सचिव या नात्याने त्या माझ्या ताब्यात आहेत. कित्येक भाडेकरू केव्हाच खोली सोडून गेले. त्यांचे बारा आकडे, जन्मतारीख, गावचा पत्ता मात्र इथेच राहिला.

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही, त्याला ओळख मिळावी, हा हेतू चांगला होता. पण आधारचा कायदा आला थेट २०१६ मध्ये. आधी माहिती गोळा झाली, संरक्षणाचा विचार मागाहून.

या उलट्या क्रमाविरुद्ध २०१२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा त्यांचे वय होते ८६. राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही, असे सरकारने १९५४ आणि १९६२ च्या निकालांच्या आधारे सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद न्यायालयाने रद्द केली. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा दिला, तोही २०१८ मध्येच. प्रत्यक्ष कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला आणि नियम यायला नोव्हेंबर २०२५. त्यातली बहुतेक बंधने नियम आल्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

कायद्यात दम आहे. माहिती कशासाठी हवी, हे आधी सांगावे लागते, आणि ती नोटीस मराठीत मागता येते. दिलेली संमती मागे घेता येते. माहितीची सुरक्षा राखली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारला मात्र बऱ्याच सवलती दिल्या आहेत, ते मला खटकते. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. सोसायटीच्या गेटवर नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपला तो लागू होतो. कपाटातल्या झेरॉक्सला, ती स्कॅन होईपर्यंत, लागू होत नाही.

ही फट आपणच बुजवायला हवी. भाडेकरूंनो, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या, प्रतीवर कारण आणि तारीख लिहा. आणि सचिवांनो, भाडेकरू गेला आणि हिशेब मिटला की त्याचे कागद त्याला परत करा.