छोट्या नौकेसाठी यंत्रे निवडताना

मालवण, हर्णै किंवा ससून डॉकहून निघणाऱ्या छोट्या नौकेवर आज मोबाइल हमखास असतो. मात्र त्यालाच सुरक्षेचे साधन मानणे धोक्याचे आहे. किनारा दुरावताच त्याचा संपर्क तुटतो. तो असला तरी हाक एकाच व्यक्तीला ऐकू जाते. म्हणूनच संकटात हाक कोणापर्यंत पोहोचेल, हा खरेदीचा पहिला निकष असावा.

व्हीएचएफ संच : १६ क्रमांकाची वाहिनी (१५६.८ मेगाहर्ट्झ) जगभर संकटसंदेशांसाठी ठरलेली असून, त्यावरील हाक परिसरातील सर्व नौकांना ऐकू येते. हातातील संच सामान्यतः ५ वॅटचा, तर नौकेवर बसवलेला २५ वॅटचा असतो. तथापि, पल्ला मुख्यत्वे ॲन्टेनाच्या उंचीवर ठरतो. पाण्यापासून ४ मीटर उंचीवर ॲन्टेना असलेल्या दोन नौकांमध्ये साधारण ९ सागरी मैलांपर्यंत संभाषण होऊ शकते. ‘डीएससी’ सुविधेचा संच जीपीएसला जोडल्यास एका कळीने नौकेची ओळख व स्थान प्रसारित होते.

संकटसूचक यंत्र : व्हीएचएफच्या पल्ल्यापलीकडे जाणाऱ्यांसाठी ‘इस्रो’ने विकसित केलेले ‘डॅट’ उपयुक्त ठरते. संदेश उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जातो. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात संदेश मिळाल्याची पोचही नौकेला मिळते. उपग्रह फोन मात्र भारतात विनापरवाना वापरता येत नाही.

दिशादर्शन : जीपीएस नौकेचे स्थान अचूक सांगते, पण पडद्यावरील नकाशात प्रत्येक खडक असेलच असे नाही. फिशफाइंडर तळाखालील खोली दाखवतो, पुढ्यातील खडक नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या बुडालेल्या खडकांत हा फरक जिवावर बेतू शकतो. विजेविना चालणारे होकायंत्र अनिवार्यच; त्याजवळ स्पीकर वा मोबाइल ठेवू नये. मुंबईसारख्या जहाजांच्या वर्दळीत ‘एआयएस’मुळे रात्रीही मोठ्या जहाजांना छोटी नौका पडद्यावर दिसते.

वीज व पाणी : २५ वॅटचा संच बोलताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ५ ते ६ अँपिअर प्रवाह खेचतो. त्यामुळे इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी ठेवावी. ‘आयपीएक्स ७’ दर्जाचे यंत्र १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकते.

यंत्रांचा वापर एकट्या तांडेलास ठाऊक असून भागत नाही. पाण्यात पडलेला तोच असू शकतो. म्हणून संकटाची हाक देणे प्रत्येक खलाशाला यायला हवे.