मुंबई महानगरपालिकेतील सामाजिक समावेशन : सभागृह आणि खाती

प्रस्तावना

शहराचे शासन सर्व समाजघटकांना सामावून घेते किंवा नाही, याची चर्चा बहुधा निवडणुका आणि राखीव जागा यांच्यापुरती मर्यादित राहते. वस्तुतः नागरिकाचा महापालिकेशी दैनंदिन संबंध येतो तो तिच्या खात्यांमधून. शाळा, रुग्णालय, पाणीपुरवठा, अग्निशमन, सफाई ही ती खाती होत. या खात्यांत कोण काम करतो, कोणत्या पदावर करतो आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्याची वाट त्याला मोकळी आहे काय, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करणे आणि समावेशनाची कसोटी एकूण संख्येत नसून खातेनिहाय वाटणीत आहे हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सभागृहाचा विस्तार

१८७२ च्या कायद्याने मुंबईत ६४ सदस्यांची महानगरपालिका स्थापन झाली व तिच्यातील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने सदस्यसंख्या ७२ झाली. तथापि मताधिकार मालमत्ता व कर यांच्याशी निगडित राहिल्याने शहराचा श्रमिक वर्ग सभागृहाबाहेरच होता. १९२२ च्या दुरुस्तीने मताधिकाराची अट शिथिल होऊन भाडेकरूंचा मोठा वर्ग मतदार झाला. १९२३ मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले या सभागृहात निवडून आल्या. प्रौढ मताधिकारावर आधारित पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. १९५६ मध्ये सुलोचना मोदी या पहिल्या महिला महापौर झाल्या, तर १९५९ मध्ये आंबेडकरी चळवळीतील पी. टी. बोराळे यांनी महापौरपद भूषविले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. राज्याने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यानुसार २०१२ च्या निवडणुकीत २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी राखीव होत्या.

सभागृह आणि प्रशासन यांतील अंतर

हा विस्तार प्रशासनात आपोआप उतरला नाही. त्याचे एक कारण १८८८ च्या अधिनियमाच्या रचनेतच आहे. या अधिनियमाने धोरणनिर्मितीचा अधिकार सभागृहाकडे व अंमलबजावणीचा अधिकार शासननियुक्त आयुक्ताकडे सोपविला. अर्थसंकल्प सभागृह मंजूर करीत असे. परंतु खात्यांतील बहुसंख्य नेमणुका आयुक्ताच्या अखत्यारीत राहिल्या. परिणामी सभागृहाची सामाजिक घडण बदलली तरी खात्यांची घडण जुन्याच वळणावर राहू शकली.

सभागृहाचा आग्रह एखाद्या खात्याची घडण कशी बदलू शकतो, याचे बोलके उदाहरण वैद्यकीय क्षेत्रात सापडते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापनाच्या वरिष्ठ जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत व स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या भारतीय डॉक्टरांना तेथे वाव नव्हता. १९२५-२६ मध्ये सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय महापालिकेने उभारले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, ही अट देणगीदार विश्वस्तांनी घातली होती. महापालिकेने ती मान्य केली आणि वर्णाच्या भिंतीमुळे बंद असलेले एक दार उघडले. वर्णाच्या प्रश्नावर जे साधले, ते जातीच्या प्रश्नावर मात्र साधले नाही.

सफाई खाते : अधिक संख्येचा अर्थ

१८८८ च्या अधिनियमात मैला वाहून नेण्याच्या सेवेसाठी ‘हलालखोर कर’ आकारण्याची तरतूद होती. ही सेवा करणारा ‘हलालखोर’ कायद्याच्या शब्दकोशात एक कामगार होता. समाजव्यवहारात मात्र ते विशिष्ट जातींचे नाव होते. गुजरात-काठियावाडातून आलेले मेघवाळ, उत्तरेकडील वाल्मीकी, कोकण व देशावरील महार अशा समाजांतील माणसे या खात्यात प्रामुख्याने भरती झाली. शहराने त्यांना रोख वेतन व नियमित नोकरी दिली, परंतु गावगाड्याने लादलेलेच काम देऊन.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये मुंबई म्युनिसिपल कामगार संघाची स्थापना केली, ती या पार्श्वभूमीवर. संघटनेने वेतन, रजा, निवास हे प्रश्न हाती घेतले. १९४९ मध्ये मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालाने या कामाची अमानुष साधने व या समाजांचे वेगळेपण नोंदविले.

पुढील काळातील उपाययोजनेत एक मूलभूत पेच आढळतो. लाड व पागे समित्यांच्या शिफारशींना अनुसरून महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची पद्धत रूढ झाली. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने या तरतुदी एकत्रित करण्यात आल्या. अस्थिर रोजगाराच्या महानगरात ही हमी मोलाची आहे, यात शंका नाही. महापालिकेच्या वसाहतीतील घर सेवेशी जोडलेले असल्याने तर ती अनेक कुटुंबांच्या दृष्टीने अपरिहार्य ठरते. वडील निवृत्त झाले वा मरण पावले की घर टिकविण्यासाठी मुलाला झाडू हाती घ्यावा लागतो, मग त्याचे शिक्षण कितीही झालेले असो. ज्या तरतुदीने कुटुंबाला संरक्षण दिले, तिनेच जात आणि खाते यांची गाठ पुढच्या पिढीपर्यंत पक्की केली. या खात्यात दलितांची संख्या मोठी आहे, एवढ्यावरून समावेशन सिद्ध होत नाही. येथे अधिक संख्या हेच वगळण्याचे लक्षण आहे.

नव्वदच्या दशकापासून कंत्राटी पद्धतीने ही हमीही अनेकांना नाकारली. काम महापालिकेचे आणि कामगार मात्र कागदोपत्री कंत्राटदाराचा, अशी स्थिती निर्माण झाली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. येथे समावेशनाचे कार्य महापालिकेने नव्हे, तर तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनेने केले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे.

आरक्षण, बिंदुनामावली आणि खाती

महाराष्ट्राच्या २००१ च्या लोकसेवा आरक्षण अधिनियमाची अंमलबजावणी २९ जानेवारी २००४ पासून सुरू झाली. या अधिनियमाने अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी एकूण ५२ टक्के पदे राखून ठेवली. त्याच्या कक्षेत स्थानिक स्वराज्य संस्थाही येतात. बिंदुनामावली संवर्गनिहाय ठेवली जात असल्यामुळे अनुशेष एकूण संख्येआड लपत नाही; अभियंता, लिपिक, परिचारिका अशा प्रत्येक संवर्गाचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. हेच या पद्धतीचे सामर्थ्य होय.

महिलांसाठी १९९४ च्या राज्य धोरणानंतर ३० टक्के समांतर आरक्षण आले. तरीही परिचर्या व प्राथमिक शिक्षण ही स्त्रियांची परंपरागत क्षेत्रे राहिली. अग्निशमन दलासारख्या खात्यात त्यांचा प्रवेश फार उशिरा झाला. दिव्यांगांसाठी १९९५ च्या कायद्याने ३ टक्के आणि २०१६ च्या कायद्याने किमान ४ टक्के पदे राखीव केली. परंतु कोणते पद त्यांच्यासाठी ‘योग्य’ हे ठरविण्याचा अधिकार प्रशासनाकडेच राहिला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक व हरितदूत म्हणून कामावर घेतले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र कार्यालय, शाळा, दवाखाना यांची दारेही त्यांना तितकीच उघडी होतात काय, यावर त्याचे मोल ठरेल.

निष्कर्ष

मुंबई महानगरपालिकेच्या इतिहासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, सभागृहातील प्रतिनिधित्व आणि खात्यांतील समावेशन हे दोन भिन्न प्रवाह असून एकाच्या वाढीने दुसरा आपोआप वाढत नाही. दुसरी, कायद्याने संवर्गनिहाय हिशेब मागितला तेथे बदल मोजता आला. जेथे केवळ सदिच्छा होती तेथे जुनी वाटणी टिकून राहिली. तिसरी, वंचितांना दिलेले संरक्षण त्यांना त्याच कामाशी जखडून ठेवीत असेल, तर ते अपुरे आहे. सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीची आणि घराची हमी कायम ठेवून, त्याच्या पात्रतेनुसार कोणत्याही खात्यात जाण्याची मुभा मिळाली, तर हा पेच सुटू शकेल. ‘हलालखोर’ हा शब्द व्यवहारातून गेला. त्या शब्दामागची वाटणी जाईल, तेव्हाच महापालिका सर्वार्थाने सर्वांची झाली असे म्हणता येईल.