भोंगा, बाळागोळी आणि झोपेची वेळ

1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. शहराच्या इतिहासात ही तारीख कापसाच्या आणि उद्योगाच्या अंगाने सांगितली जाते. मला ती लहान लेकरांच्या झोपेच्या इतिहासातही घालावीशी वाटते. त्याआधी इथल्या घरांना रात्र झाली हे कळायला घड्याळ लागत नव्हतं.

मुलाला रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, शांतपणे झोपवावं, असं आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. जुन्या घरात हा क्रम कुणी आखून दिला नव्हता, संध्याकाळच तो चालवायची. दिवेलागण झाली की देवापुढे सांजवात, शुभंकरोती, मग थोरली मुलं परवचा म्हणायला बसत. पाढे, पावकी, निमकी, मनाचे श्लोक, सगळं एका चालीत. त्यातलं अक्षरही न कळणारं तान्हं आजीच्या मांडीवर ती लय ऐकत पेंगायचं. जेवण झालं की मीठ-मोहऱ्या ओवाळून नजर काढायची, मग गोष्ट, मग थोपटणं. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या अंगणात पाणी शिंपडायचं आणि बाजा बाहेर काढायच्या. शरीराचं तापमान जरा उतरलं की झोप येते, हे विज्ञानाने नंतर सांगितलं. वैशाखातल्या नागपूरकराने ते शिंपडलेल्या अंगणातच ओळखलं होतं.

परवचा अर्थात सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. जिथे पाटी-पुस्तक पोहोचलं त्याच घरांत तो होता. शेतमजूर बाईचं मूल बांधावरच्या निंबाला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपायचं. पण अंधार आणि ओवी ही दोन साधनं सगळ्यांची होती. पहाटे जातं ओढणाऱ्या बाईच्या मांडीवर पोर निजलेलं असे आणि तिच्या ओव्यांत त्या पोराचं नाव येई. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केलं. पुढे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मूल कसं निजवलं जात होतं याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दस्तऐवज तोच, असं मी मानतो.

मिलच्या भोंग्याने हे सगळं उलथवलं. बाई पाळीला गेली, आजी गावाकडे राहिली, आणि खोलीत उरलं अंगावर पिणारं लेकरू. ते दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याच्या तोंडात अफूची बारीक गोळी पडू लागली. मुंबईत तिला बाळागोळी म्हणत. 1922 साली मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना जवळपास सगळ्याच तान्ह्यांना अफू दिली जाताना आढळली. 1929 ते 1931 या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगानेही देशातल्या कामगारवस्त्यांमधल्या या प्रथेची नोंद घेतली. हे वाचताना त्या आयांना क्रूर ठरवावंसं क्षणभरही वाटत नाही. मांडी मिळत नव्हती म्हणून गोळी आली. मुलाला निजवायला माणूस लागतं आणि माणसाला वेळ लागतो. मिलने तो वेळ विकत घेतला होता.

नागपूरपुरतं सांगायचं तर एम्प्रेस मिलने कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरही चालवलं. हे श्रेय तिला द्यायलाच हवं. सरकारी कायद्याला मात्र बराच उशीर लागला. 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली मागण्याचा अधिकार प्रांतांना दिला. 1948 च्या कायद्याने ती सक्तीची केली आणि 1976 च्या दुरुस्तीने पन्नासाचा आकडा तीसवर आणला. अफूच्या गोळीवरचा खरा उतारा मला या कलमांत दिसतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत घड्याळाप्रमाणे मुलं वाढवण्याचं वारं होतं. न्यूझीलंडचे डॉ. ट्रुबी किंग दूध आणि झोप दोन्ही ठरलेल्या तासांना बांधत. आपल्याकडे ताराबाई मोडकांची वाट वेगळी होती. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंनी गिजुभाई बधेकांच्या साथीने 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. त्यांनी स्वीकारलेल्या माँटेसरी पद्धतीतल्या शांततेच्या खेळात मुलं स्वतः निश्चल बसून बारीकसारीक आवाज टिपतात. मूल दटावल्याशिवाय शांत होऊ शकतं, फक्त भोवतालच्या मोठ्यांनी आधी आवाज कमी करायला हवा, हे त्या खेळाने दाखवून दिलं. मला घड्याळापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

जुलै 1948 मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाली. रेडिओने घरात आवाज आणला, पण दिवा मालवूनही तो ऐकता येई. टीव्हीने मात्र अंधारच काढून घेतला आणि मोबाइलने उजेड थेट मुलाच्या डोळ्यांसमोर धरला. कामावरून थकून आलेली आई स्वयंपाकाला लागते आणि कुरकुरणाऱ्या पोराच्या हातात फोन देते, तेव्हा मला बाळागोळीच आठवते. दोष अफूइतका मोठा नाही, कारण मात्र तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्यांसाठी 10 ते 13 तास झोप सांगितली. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, असंही सांगितलं.

अमेरिकेतल्या झोपेच्या अभ्यासक जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 405 आयांना घेऊन एक प्रयोग केला. अंघोळ, अंगाला हलका हात, मग अंगाई किंवा कुशीत घेणं, आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवे बंद. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. या अभ्यासाला मुलांचे तेल-साबण विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हे ध्यानात ठेवावं. मिंडेल यांच्याच पुढच्या एका पाहणीत भारतासह 14 देशांतल्या दहा हजारांवर आया होत्या आणि तिथेही क्रम पाळणाऱ्या घरांतली मुलं जास्त झोपत होती. लोशनची बाटली नसली तरी चालेल. खोबरेल तेल आणि तळपायाला घासलेली काशाची वाटी आपल्या घरांत होतीच.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली, पण पाळ्या बंद झाल्या नाहीत. त्या नागपूरभोवतीच्या हिंगणा, बुटीबोरी, मिहान या औद्योगिक भागांत गेल्या. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देण्याचं बंधन घातलं. ही सोय कामाच्या तासांपुरती आहे. दिवेलागणीचा तास अजून कुणीच मागितलेला नाही. कामगार संघटनांनी तो मागावा, आणि आईबरोबर बापासाठीही मागावा.