एक स्नान, एक भाकर आणि जात

कॅथलिक धर्मश्रद्धेचा गाभा थोडक्यात सांगता येतो. देव एक; त्याच्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती. पुत्र येशू माणूस झाला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. आदामाच्या पतनामुळे माणूस मूळ पापात जन्मतो. ते स्नानसंस्काराने धुतले जाते. मिस्साविधीत भाकर व द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. ख्रिस्तसभा एक आहे, आणि 'कॅथलिक' या शब्दाचा अर्थच सार्वत्रिक असा आहे.

या श्रद्धेत जातीला जागा नाही. जात जन्मजात शुद्धतेवर उभी आहे, तर येथे येशू आणि मरिया यांच्याखेरीज जन्मतः शुद्ध कोणीच नाही. भटाचे मूल व महाराचे मूल सारखेच पापी ठरते आणि एकाच पाण्याने शुद्ध होते. विटाळाच्या कल्पनेवर याहून मोठा घाव कोणता?

परंतु इतिहास वेगळे सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त त्याने हीच श्रद्धा मराठी ओव्यांत सांगितली. भाषा आपली झाली, देव नवा झाला. पण बामण, चारडो, सुदिर ही उतरंड गोव्याच्या ख्रिस्ती समाजात तशीच राहिली. देवळांतील धर्मबंधुसंघही जातवार झाले. तिकडे मदुरेत रॉबर्ट द नोबिलीने उच्चवर्णीयांना जानवे व शेंडी ठेवू दिली. वाद रोमपर्यंत गेला आणि १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी, ही चिन्हे धार्मिक नसून सामाजिक आहेत असे मानून, अटींसह परवानगी दिली. जात ही धर्माबाहेरची रीत ठरली, आणि त्याच वाटेने ती देवळात शिरली. तामिळ मुलखात दलित ख्रिस्त्यांना बसायला वेगळी जागा, पुरायला वेगळी दफनभूमी मिळाली.

बाबासाहेबांनी याच विसंगतीवर बोट ठेवले. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन १९८९ साली प्रसिद्ध झाले. धर्मांतरिताला त्याच्या अधोगतीचे कारण समाजव्यवस्था नसून त्याचे पाप आहे असे शिकवले जाते, आणि त्यामुळे अन्यायाविरुद्धची त्याची चीड विझते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्या सिद्धांताने सर्वांना समान केले, त्यानेच दोषी व्यवस्थेला मोकळे सोडले.

राज्यसंस्थेनेही हात झटकले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्त्यांना मात्र नाही. गावाने जात सोडली नाही, देवळाने सोडली नाही. कायद्याने तेवढी ती गेली असे मानले! २०१६ साली भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने दलित ख्रिस्त्यांसाठीचे धोरण जाहीर करताना अस्पृश्यता चर्चमध्येही आहे, हे मान्य केले. कबुलीला चार शतके लागली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या याच अनुभवामुळे अर्थपूर्ण ठरतात. त्यांत समता हा विश्वासाचा परिणाम म्हणून सोडून दिलेला नाही. ती शपथ म्हणून वदवून घेतली आहे. मात्र शपथही पुस्तकात राहू शकते. कॅथलिकांना विचारलेला प्रश्न आपणही आपल्या सोयरिकी जुळवताना स्वतःला विचारला पाहिजे. पोटजात पाहून मुलगी देणारा बौद्ध आणि वेगळी दफनभूमी राखणारा ख्रिस्ती यांच्यात फरक काय?