कोपरा फाडलेलं कार्ड

भारतात पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याला. आमची बी.ए.ची मंडळी १९७३ साली पांगली ती त्याच्याच भरवशावर. लग्न, बारसं, बदली, सगळं त्यावर. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की मजकुराआधीच कळायचं कोणीतरी गेलं. वाचून ते लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. घाईला तार होती, तीही जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सुप्रभात! पण एक मित्र गेल्याचं आम्हांला दीड महिन्यानं कळलं. पूर्वी पत्त्यांची वही घराची असे, घरचे त्यातून कार्डं टाकत. मोबाईल ज्याचा त्याचा, वर कुलूप. म्हणून हल्ली फोन केला की आधी वहिनींना, सुनेला मागतो आणि आम्हां सगळ्यांचे नंबर कागदावर उतरवून घ्यायला लावतो.