बंद घराची पट्टी

मोठी पोस्ट आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

गेल्या महिन्यात माझ्या एका वर्गमित्राचा फोन आला. बरीच वर्षं लंडनला आहे. म्हणाला, "फ्रान्समधल्या एका खेड्यात दगडी घर बघून आलोय. आपल्या तालुक्याला दोन बेडरूमचा फ्लॅट येतो त्या पैशात मिळतंय. मागे अर्धा एकर जागा. घेऊ का?" मी पत्रकार, इस्टेट एजंट नाही. पण त्याला वाटतं पत्रकाराला सगळं माहीत असतं. म्हटलं, दोन दिवस दे, वाचून सांगतो.

त्याच आठवड्यात आमच्याकडे ग्रामसभा होती. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "खालच्या अंगाला बारा बंगले झाले. वर्षातले अकरा महिने कुलूप. आमच्याएवढीच घरपट्टी भरतात आणि मे महिन्यात टाकीचं पाणी तेच संपवतात. यांना वेगळी पट्टी का नाही?" सरपंच हसले आणि विषय पुढे गेला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. मित्राचा प्रश्न आणि म्हाताऱ्यांचा प्रश्न एकच होता, फक्त दोन टोकांनी विचारलेला. बंद घराने गावाला काय द्यायचं?

फ्रान्सने या प्रश्नाशी दोनशेहून जास्त वर्षं झटापट केलीय. ती गोष्ट सांगतो.

१७८९ च्या क्रांतीआधी तिथे जमीनदार आणि धर्मगुरूंना बऱ्याच करांत सूट होती. ओझं शेतकऱ्याच्या मानेवर. क्रांतीवाल्यांनी ते मोडलं आणि नवे कर आणले. १७९० मध्ये जमीन-घरावरचा कर आला, त्याला आज 'ताक्स फॉन्सिएर' म्हणतात. १७९१ मध्ये राहत्या घराच्या भाड्यावरून माणसाची ऐपत ठरवणारा दुसरा कर आला. त्यांचा एक दंडक होता: सरकारी माणसाने घरात शिरून कपाटं उघडायची नाहीत, बाहेरून जे दिसतं त्यावरून श्रीमंती मोजायची.

बाहेरून काय दिसतं? दारं आणि खिडक्या. १७९८ मध्ये त्यांच्यावर कर बसला. कल्पना त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये राजा तिसरा विल्यम याच्या काळात, १६९६ पासून खिडक्यांवर कर होता: प्रत्येक घराला दोन शिलिंग, आणि दहापेक्षा जास्त खिडक्या असतील तर वर आणखी. मग लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या. इंग्लंडच्या जुन्या गावांत अशा आंधळ्या खिडक्या आजही दिसतात. फ्रान्समध्ये गरिबांनी मुळात खिडक्याच कमी ठेवल्या. एक दार, एक झरोका, आत अंधार आणि ओल. व्हिक्टर ह्युगोच्या 'ले मिझराब्ल'मधला बिशप प्रवचनात या कराबद्दल बोलतो, इतका तो लोकांच्या अंगावर आला होता. इंग्लंडने तो १८५१ मध्ये काढला, फ्रान्सने थेट १९२६ मध्ये.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. कर कशावरही बसवा, लोक आपली घरं त्याप्रमाणे बदलतात.

मधल्या काळात नेपोलियनने १८०७ मध्ये गावोगावची मोजणी सुरू केली. प्रत्येक तुकड्याचा नकाशा, मालक, उत्पन्नाचा अंदाज. आपल्या गटनकाशा आणि सातबाऱ्यासारखंच म्हणा. काम संपायला जवळपास चाळीस वर्षं गेली. आजची फ्रेंच घरपट्टी त्याच परंपरेवर उभी आहे. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं हा एक कागदी आकडा. पट्टी त्या आकड्याच्या निम्म्यावर. समजा कागदी भाडं ३,००० युरो. निम्मे १,५००. गावाचा दर ४० टक्के असेल तर पट्टी ६०० युरो. शिवाय कचऱ्याचा कर बहुतेक ठिकाणी त्याच बिलात येतो, तुम्ही वर्षभर एक पिशवीसुद्धा टाकली नसेल तरी.

गंमत म्हणजे घरांसाठी हा कागदी आकडा अजून १९७० च्या भाड्यांवरून काढतात. दरवर्षी त्यात वाढ होते, पण पाया तोच. आणि १९७० मध्ये फ्रान्सच्या खेड्यात न्हाणीघर ही चैन होती, म्हणून ती चौरस मीटरमध्ये मोजली गेली. बाथटब म्हणजे ५ चौरस मीटर जास्त, शॉवर म्हणजे ४, हात धुण्याचं बेसिन म्हणजे ३. खिडक्या गेल्या, नळ आले!

आता सुट्टीच्या घरांकडे येतो. ही घरं आली कुठून? १९३६ मध्ये फ्रेंच कामगाराला पहिल्यांदा दोन आठवडे पगारी रजा मिळाली. १९५६ मध्ये तीन आठवडे, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी शहरांकडे रिकामी होत होती. आजी-आजोबा गेले, घर राहिलं. पॅरिसला नोकरी करणारा मुलगा ऑगस्टमध्ये येऊन कुलूप उघडायचा. चाकरमान्यांची गोष्ट सांगतोय असं वाटलं ना? तीच आहे. आज तिथे साधारण दर दहा घरांमागे एक घर असं दुसरं घर आहे आणि त्यातली पुष्कळशी वारशाने आलेली आहेत.

इंग्रज नंतर आले. १९८९ मध्ये पीटर मेलचं प्रोव्हान्सवरचं पुस्तक गाजलं, १९९४ मध्ये समुद्राखालून बोगदा झाला, मग स्वस्त विमानं सुरू झाली. दॉर्दोन्यसारख्या भागात ज्या घरांची छपरं खाली यायला आली होती ती इंग्रजांनी विकत घेतली, कौलं बदलली, गवंड्याला आणि सुताराला काम मिळालं. हे मान्य करायला हवं. पण गावात घर शोधणाऱ्या तरुण जोडप्याला लंडनच्या पगाराशी बोली लावता येत नाही, हेही तितकंच खरं.

राहत्या घरावरचा तो दुसरा कर १९७४ पासून 'ताक्स दाबितास्यॉं' या नावाने सुरू होता. राहणाऱ्याने भरायचा, मग तो मालक असो की भाडेकरू. सुट्टीच्या घराचा मालक दोन्ही भरायचा. २०१७ मध्ये मॅक्रॉन यांनी निवडणुकीत आश्वासन दिलं की बहुसंख्य लोकांचा हा कर काढू. २०१८ पासून टप्प्याटप्प्याने तो कमी झाला आणि २०२३ मध्ये सगळ्यांच्या मुख्य घरावरून गेला. राहिला कुणावर? दुसऱ्या घरांवर. एवढंच नाही. २०१५ पासून घरटंचाईच्या भागात नगरपालिकांना दुसऱ्या घरांवर जादा आकार लावायची मुभा मिळाली. आधी २० टक्के, २०१७ पासून ५ ते ६० टक्के. पॅरिसने ६० लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये अशा गावांची यादी सुमारे १,१४० वरून ३,७०० च्या आसपास गेली, किनाऱ्यावरची आणि डोंगरातली सुट्टीची गावं त्यात आली.

उत्पन्नाचा एक हात गेल्यावर नगरपालिकांनी दुसरा हात वापरला. पॅरिसने २०२३ मध्ये घरपट्टीचा दर १३.५ वरून २०.५ टक्के केला. त्याच वर्षी देशभरातला तो कागदी भाड्याचा आकडा महागाईप्रमाणे ७.१ टक्क्यांनी वाढला. ज्यांनी 'कर गेला' म्हणून पेढे वाटले, त्यांच्यातल्या घरमालकांना ऑक्टोबरात कळलं की तो पूर्ण गेला नव्हता, शेजारच्या रकान्यात सरकला होता.

२०२३ मध्येच सरकारने प्रत्येक घरमालकाला सांगितलं की घरात कोण राहतं ते ऑनलाइन कळवा. न कळवल्यास १५० युरो दंड. त्याआधी नऊ जिल्ह्यांत विमानातून घेतलेले फोटो संगणकाला दाखवून न नोंदलेले पोहण्याचे तलाव शोधले. २०,३५६ तलाव सापडले. क्रांतीवाल्यांचा दंडक बघा कसा पाळला गेला: घरात शिरायचं नाही, बाहेरून बघायचं. फक्त बघणारा आता आकाशात आहे.

आणि इंग्रज? २०२० अखेर ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि स्वतःच्या घरात राहायलाही मर्यादा आली. दर १८० दिवसांत ९० दिवस, जास्त हवं तर व्हिसा. घर बारा महिन्यांचं, पट्टी बारा महिन्यांची, राहायचं हिशेबाने. फ्रेंच संसदेत त्यांना आपोआप व्हिसा द्यायची तरतूद झाली होती, पण जानेवारी २०२४ मध्ये घटना परिषदेने ती रद्द केली. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून गावच्या निवडणुकीत मिळणारं मतही गेलं.

इथे माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म आहे. ज्याला गावात मत आहे त्याचा कर गेला, ज्याला नाही त्याचा राहिला आणि वाढला. कर बसवणाऱ्याची नजर नेहमी तिकडे जाते जिथून ओरड कमी येते. १७८९ आधी तो मूक माणूस शेतकरी होता, आज तो कुलूपवाला आहे. कुलूपवाला गरीब नाही, म्हणून आपल्याला त्याची दया येत नाही, हे खरं. पण पद्धत तीच.

मित्राला मी काय सांगितलं ते थोडक्यात लिहितो, कुणाच्या पोराबाळांच्या कामी येईल.

घराच्या किमतीवर नोटरी आणि नोंदणीचे साधारण ७ ते ८ टक्के धर. १ जानेवारीला घर ज्याच्या नावावर, वर्षाची पट्टी त्याच्या नावावर, म्हणून डिसेंबरात घेणार असशील तर विचार कर. जमीन-घराची पट्टी ऑक्टोबरात, दुसऱ्या घराची डिसेंबरात. वीज आणि पाण्याचा ठरावीक आकार घर बंद असलं तरी चालू. विमा हवाच, आणि धुराडं साफ केल्याचा दाखला विमावाले मागतात. थंडीत पाइप फुटतात, म्हणून पाणी काढून टाकायला माणूस लागतो. गावात गटार नसेल तर सेप्टिक टँकची तपासणी. वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर भोवतालच्या ५० मीटरमधलं रान साफ ठेवणं कायद्याने तुझ्यावर. अर्धा एकर गवत स्वतः कापत नाही. भाड्याने दिलंस तर त्या उत्पन्नावर फ्रान्समध्ये कर भरायचा.

आणि उद्या भारतात कायमचा परत आलास तर ते घर इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागेल. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. बंद घराचं कागदी भाडं धरायची युक्ती आपल्याकडेही आहे, बरं का. दोन घरांपर्यंत प्राप्तिकरात सूट, तिसरं रिकामं असलं तरी भाडं आलं असं समजून कर. पूर्वी ही सूट एकाच घराला होती, २०१९-२० पासून दोन झाली.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे वर्षातून तीन आठवड्यांसाठी बारा महिन्यांचा संसार." मी म्हटलं, बरोबर. परवडत असेल आणि हौस असेल तर घे. स्वस्त आहे म्हणून घेऊ नकोस.

आता आपल्या ग्रामसभेतल्या म्हाताऱ्यांचं. आपल्याकडे घरपट्टी ठरताना बांधकाम बघतात, जागा बघतात, वापर बघतात. मालक तिथे राहतो की नाही, हे कुणी विचारत नाही. त्यांचा मुद्दा मला पटतो. टाकी, रस्ता, दिवाबत्ती, घंटागाडी हे बारा महिने चालवणारं गाव आहे, मे महिन्यात वापरणारा पाहुणा आहे. पण फ्रान्सचा इतिहास वाचल्यावर हात थोडा आखडतो. 'बंद घर' असा एकच शब्द लिहिला तर त्यात बारा बंगले येतील, आणि वरच्या वाडीतली ती वीस घरंही येतील ज्यांचे मालक लालबाग-डोंबिवलीत आहेत आणि गणपतीला, शिमग्याला येऊन कुलूप काढतात. त्यातल्या काहींना कौलं बदलायलाही पैसे नाहीत. बंगलेवाला जादा पट्टी चहाच्या खर्चात भरेल. चाकरमानी मात्र घर विकेल, आणि घेणारा तेरावा बंगलेवाला असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जादा पट्टीचा विषय पुन्हा घ्या, हसून उडवू नका. पण ती कुलपावर लावायची की पाण्याच्या वापरावर, घराच्या आकारावर की तलावावर, हे आधी बसून ठरवा. आणि जी रक्कम येईल ती टाकीलाच लागेल, असं ठरावात लिहून घ्या. नाहीतर आपणही नुसत्या खिडक्या मोजत बसू.

तुमच्या वाडीत किती घरं बंद आहेत आणि त्यातली आपल्याच माणसांची किती, ते खाली लिहा. पुढच्या ग्रामसभेला आकडे घेऊन जाऊ.