लग्नाची मागणी आणि फ्लॅटचा अर्ज

परीक्षा जवळ आल्या की बिशानच्या जंक्शन-८ मॉलमध्ये बर्गर खायला बसायची सोय राहत नाही. टेबलं शाळकरी पोरांनी अडवलेली. समोर गार झालेले फ्राइज आणि गणिताच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. माझी मावशी इथे आली होती तेव्हा तिने विचारलं, "अरे, यांना घरं नाहीत का?"

घरं आहेत हो, पण मोजून मापून! बिशान म्हणजे मुळात पेक सान थेंग, कॅंटनी लोकांची १८७० सालची दफनभूमी. १९७३ साली ती बंद झाली, १९७९ मध्ये सरकारने जमीन घेतली, थडगी उकरली आणि तिथे हे गाव वसवलं. जिथे मेलेल्यांनाही जागा सोडावी लागली, तिथे पोरांना अभ्यासाला वेगळी खोली कुठून मिळणार?

सिंगापूरच्या तरुणांबद्दल 'पाश्चात्त्यांचं वारं लागलं' हे निदान जुनंच. १९७० च्या दशकात तर सरकारी कचेऱ्यांत पाट्याच होत्या, की लांब केसवाल्या पुरुषांचं काम शेवटी होईल. मला मात्र वाटतं, वाऱ्यापेक्षा पगाराकडे बघावं.

मे १९५५ मध्ये हॉक ली बस कंपनीच्या संपात चिनी शाळांतली पोरं कामगारांच्या बाजूने उतरली. दंगलीत माणसं मेली. चिनी माध्यमातून शिकलेल्याला सरकारी नोकरीचं दार जवळजवळ बंदच होतं, मग गमावण्यासारखं होतं काय? त्या पिढीचं तारुण्य संपात आणि सभांत गेलं. पुढे १९६८-६९ च्या सुमारास नॅशनल सेमिकंडक्टर, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्या आल्या आणि हजारो तरुण मुली चिपा जोडायला पाळीवर जाऊ लागल्या. (आमच्या धंद्याचे पूर्वज म्हणायचे!) अर्थात सगळं श्रेय पगाराला देणं खोटेपणाचं होईल. १९६३ च्या 'ऑपरेशन कोल्डस्टोअर'मध्ये शंभराहून जास्त लोक आत गेले होते, त्याचाही धाक होताच.

त्या पगारदारांची पोरं १९८० च्या दशकाच्या मध्यात ऑर्चर्ड रोडवरच्या सेंटरपॉइंट मॉलबाहेर घोळक्याने उभी राहू लागली. विचित्र कपडे, फुगवलेले केस. वर्तमानपत्रांनी त्यांना 'सेंटरपॉइंट किड्स' म्हटलं आणि देश बुडाल्यासारखी ओरड झाली. पोरं करत काय होती? उभी होती. घरात जागा नाही, मॉलमध्ये एसी फुकट.

त्याच दशकात आपल्याकडे गिरणगावात उलटं घडत होतं. तिथली व्यायामशाळा, कबड्डी, भजनी मंडळं सगळं गिरणीच्या पाळीवर आणि पगारावर चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पगारच गेल्यावर पोरांना उरला तो नाका. त्यांनाही 'वाया गेलेली पिढी' म्हणणारे निघालेच. एकीकडे पगार आला, दुसरीकडे गेला, आणि शिव्या मात्र दोन्हीकडे पोरांनाच!

असो. आता बिशानमधल्या त्या अभ्यासू पोरांचं पुढे काय होतं ते सांगतो. इथला ढोबळ नियम असा, की सरकारी फ्लॅट जोडप्याला मिळतो, एकट्याला पस्तिशीपर्यंत थांबावं लागतं. नव्या फ्लॅटला अर्जानंतर तीन-चार वर्षं सहज जातात. त्यामुळे 'माझ्याशी लग्न करशील का?' ऐवजी 'फ्लॅटसाठी अर्ज करू या का?' असं विचारतात. आपल्याकडे हा विनोद म्हणून सांगितला जातो, पण माझ्या लॅबमधल्या एका जोडप्याचं खरंच असं ठरलं. मध्येच मोडलं तर फ्लॅटही जातो, आणि भरलेल्या पैशातलेही काही बुडतात. मग कितीतरी जण भांडण गिळतात.

आणि फ्लॅट मिळतो तो बहुधा बिशानमध्ये नाहीच. इथले मोठे जुने फ्लॅट दहा लाख सिंगापूर डॉलरच्या वर विकले गेले आहेत. टेबल अडवून बसलेल्या त्या पोरांपैकी बहुतेकांना आईवडिलांच्या शेजारी घर घेणं जमणार नाही. पेक सान थेंगने मात्र सरकारशी बोलणी करून आठ एकर स्वतःकडे राखले. तिथे अस्थिकलशांचे कप्पे आहेत.